पिवळ्या लेबलावरील विधवा : मादाम क्लिको आणि शॅम्पेनचा प्रदेश

शॅम्पेन हा शब्द आपल्याकडे विजयोत्सवाशी जोडला गेला आहे. मोटारींची शर्यत संपली, मोठा करार झाला किंवा चषक हाती आला की फेसाचे कारंजे उडते आणि छायाचित्रकारांची धावपळ सुरू होते. मात्र शॅम्पेन हे मूळ मद्याचे नाव नसून एका प्रदेशाचे नाव आहे, याची जाणीव अनेकांना नसते. पॅरिसच्या ईशान्येला, सुमारे दीडशे किलोमीटरच्या परिसरात हा प्रदेश सुरू होतो. तेथील द्राक्षांपासून, तेथेच आणि ठरलेल्या पद्धतीने तयार झालेल्या फेसाळत्या वाईनलाच शॅम्पेन म्हणण्याचा अधिकार आहे. या प्रदेशाची प्राथमिक ओळख करून घ्यायची असेल, तर त्याचा एक सोपा मार्ग आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथे होऊन गेलेल्या एका स्त्रीचे आयुष्य वाचावे. तिचे नाव बार्ब-निकोल क्लिको. जगभरच्या दुकानांत दिसणाऱ्या पिवळ्या लेबलावर व्हव क्लिको असे लिहिलेले असते. फ्रेंच भाषेत व्हव म्हणजे विधवा. एखाद्या पेढीने आपल्या मालकिणीचे वैधव्य नावात मिरवावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. परंतु त्या एका शब्दातच या कहाणीचे मर्म आहे.

कापड व्यापाऱ्याची कन्या

बार्ब-निकोलचा जन्म 16 डिसेंबर 1777 रोजी रँस या शहरात झाला. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या कॅथेड्रलमध्ये होत असे, तेच हे शहर. तिचे वडील निकोला पाँसार्दां हे कापडाचे बडे उत्पादक आणि व्यापारी होते. घरात संपत्ती होती आणि सरदारकीची ओढही होती. बार्ब-निकोल अकरा वर्षांची असताना 1789 मध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. धार्मिक मठांवर आणि श्रीमंतांच्या वाड्यांवर जमावाचा रोष होता. मठातील शाळेत शिकणाऱ्या या मुलीला गरिबाघरच्या पोरीचे कपडे घालून, लपवून बाहेर काढण्यात आले, अशी आख्यायिका रँसमध्ये सांगितली जाते. निकोला यांनी वाऱ्याची दिशा ओळखली आणि राजनिष्ठेचा अंगरखा उतरवून ते क्रांतिकारकांच्या गोटात सामील झाले. पुढे नेपोलियनच्या राजवटीत ते रँसचे महापौर झाले आणि 1813 मध्ये त्यांना बॅरन ही पदवीही मिळाली. काळ बदलला की आपणही कसे बदलावे, याचा पहिला धडा त्यांच्या कन्येला घरीच मिळाला असावा.

10 जून 1798 रोजी बार्ब-निकोल यांचा विवाह फ्रान्स्वा क्लिको या तरुणाशी झाला. चर्चमधील विधींवर त्या काळात निर्बंध होते. त्यामुळे हा धार्मिक विवाह एका तळघरात उरकण्यात आला, असे सांगितले जाते. पुढे जिचे सारे आयुष्य तळघरांशी निगडित झाले, तिच्या बाबतीत हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हणावा लागेल. फ्रान्स्वा यांचे वडील फिलिप क्लिको यांनी 1772 मध्ये स्वतःची पेढी सुरू केली होती. कापड आणि सावकारी हा तिचा मुख्य व्यवहार होता आणि वाईनचा व्यापार त्याला जोडून चाले. फ्रान्स्वा यांना मात्र वाईनचेच वेड होते. पती-पत्नी मिळून द्राक्षमळ्यांत हिंडत, मातीची आणि वेलींची माहिती घेत. 1799 मध्ये त्यांना क्लेमांतीन ही कन्या झाली. ती त्यांचे एकुलते एक अपत्य.

खडूचा डोंगर आणि तीन द्राक्षे

या तरुण दाम्पत्याने जे शिकायला सुरुवात केली, ते आजही या प्रदेशाचे मूळ ज्ञान आहे. शॅम्पेन हा फ्रान्समधील द्राक्षशेतीच्या उत्तर सीमेवरचा थंड मुलूख आहे. तेथे द्राक्षे पूर्ण गोड होण्यापूर्वीच हंगाम सरत येतो. त्यामुळे रसात आंबटपणा टिकून राहतो. साध्या वाईनला मारक ठरणारा हा आंबटपणा फेसाळत्या वाईनला मात्र तारक ठरतो. जमिनीखाली पांढऱ्या खडूचा जाड थर आहे. तो पावसाचे पाणी शोषून धरतो आणि कोरड्या दिवसांत वेलींना पुरवतो. हाच खडू कोरणे सोपे असल्याने रँस आणि एपर्ने या शहरांखाली मैलोन्‌मैल तळघरे तयार झाली. रँसमधील काही खाणी तर रोमन काळापासूनच्या आहेत. उन्हाळा असो वा हिवाळा, तेथील तापमान दहा ते बारा अंशांच्या आसपास स्थिर राहते.

येथे मुख्यतः तीन जातींची द्राक्षे लावली जातात. पिनो न्वार आणि म्यूनिए या दोन जाती काळ्या, तर शार्दोने ही पांढरी. काळ्या द्राक्षांचाही रस मुळात रंगहीनच असतो. रंग असतो तो सालीत. म्हणून द्राक्षे हाताने तोडून, हलक्या दाबाने आणि विनाविलंब पिळली तर काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाईन मिळते. रँसच्या दक्षिणेकडील डोंगरउतारांवर पिनो न्वार, मार्न नदीच्या खोऱ्यात म्यूनिए आणि एपर्नेच्या दक्षिणेकडील पांढऱ्या कड्यांवर शार्दोने, अशी ढोबळ विभागणी सांगता येते. पिनोमुळे वाईनला अंग येते, म्यूनिएमुळे फळांची चव येते आणि शार्दोनेमुळे तजेला येतो. वेगवेगळ्या गावांच्या आणि वर्षांच्या वाईन एकत्र करून दरवर्षी सारखीच चव साधणे, हे येथील पेढ्यांचे खरे कसब. क्लिको कुटुंबाचे मळे बूझी आणि व्हेर्झने यांसारख्या पिनो न्वारच्या नामांकित गावांत होते.

शॅम्पेनच्या शोधाचे श्रेय दों पेरीन्यों या ओव्हिले मठातील साधूला देण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात 1715 मध्ये निवर्तलेल्या या कुशल कोठाराधिकाऱ्याने मिश्रणाची कला वाढवली. बुडबुडे मात्र त्या काळी दोषच मानले जात आणि ते टाळण्याकडेच कल असे. थंडीत थांबलेले किण्वन वसंत ऋतूत बाटलीतच पुन्हा सुरू होई आणि त्यातून निघालेला वायू कोंडला जाई. 1728 मध्ये राजाज्ञेने बाटल्यांतून वाईन नेण्यास परवानगी मिळाली आणि पुढील वर्षीच केवळ फेसाळत्या वाईनचा व्यापार करणारी पहिली पेढी निघाली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात बहुतांश वाईन बिनफेसाचीच बनत असे. फेसाळती वाईन हा राजेरजवाड्यांचा शौक होता आणि उत्पादकाच्या दृष्टीने ती जोखीमच होती. बाटलीतील दाब किती वाढेल याचा हिशेब कोणालाच ठाऊक नव्हता. एक बाटली फुटली की शेजारच्या बाटल्या फुटत. तळघरातील कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करीत.

सत्ताविसाव्या वर्षी वैधव्य

ऑक्टोबर 1805 मध्ये फ्रान्स्वा यांना तीव्र ताप आला आणि 23 तारखेला त्यांचे निधन झाले. बार्ब-निकोल यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस होते आणि कन्या सहा वर्षांची होती. दोनच दिवसांपूर्वी ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत फ्रान्सचा पराभव झाला होता. युरोपभर युद्ध भडकलेले, बंदरे असुरक्षित आणि ग्राहक विखुरलेले. एकुलता मुलगा गमावलेल्या फिलिप क्लिको यांनी खचून जाऊन पेढी बंद करण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही व्यवहारी माणसाला तो योग्यच वाटला असता.

या ठिकाणी तत्कालीन कायदा लक्षात घेतला पाहिजे. नेपोलियनची नागरी संहिता 1804 मध्ये अमलात आली होती. तिच्यानुसार विवाहित स्त्री ही पतीच्या आज्ञेत होती. त्याच्या संमतीवाचून ती व्यापार करू शकत नसे, करार करू शकत नसे. अविवाहित मुलगी पित्याच्या छायेत राही. विधवा मात्र या चौकटीतून सुटत असे. तिला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगता येई, सही करता येई आणि पेढी चालवता येई. ज्या अवस्थेकडे समाज अभागी म्हणून पाहत होता, तीच अवस्था कायद्याच्या दृष्टीने स्त्रीला सर्वाधिक स्वातंत्र्य देणारी होती. बार्ब-निकोल यांनी हे नेमके ओळखले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. सासऱ्यांसमोर त्यांनी पेढी चालवण्याचा प्रस्ताव ठेवला. त्या वर्गातील स्त्रीने असे काही मागणे रीतीला सोडून होते.

फिलिप यांनी मागणी मान्य केली, पण अट घातली. आलेक्सांद्र फूर्नो या अनुभवी व्यापाऱ्याबरोबर चार वर्षे भागीदारीत काम करून सुनेने धंदा शिकावा. 1806 मध्ये ही भागीदारी सुरू झाली. मिश्रण कसे करावे, पिंपातील वाईन बाटलीत कधी भरावी, बूच कोणते घ्यावे, हे त्या शिकल्या. परंतु काळ प्रतिकूल होता. इंग्लंडने समुद्र रोखला होता आणि नेपोलियनने युरोपची बंदरे इंग्लिश मालाला बंद केली होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या गोदामात अडकून पडलेला मोठा माल उष्म्याने खराब झाला. चार वर्षे संपली तेव्हा नफा बेताचाच होता. फूर्नो बाहेर पडले. बार्ब-निकोल थांबल्या नाहीत. जुलै 1810 मध्ये त्यांनी व्हव क्लिको-पाँसार्दां या नावाने स्वतःची पेढी उभी केली. पतीचे नाव, पित्याचे नाव आणि त्याआधी विधवा हा शब्द. ती केवळ शोकाची खूण नव्हती. समोरच्या व्यापाऱ्याला ती सांगत होती की येथे सही करण्याचा अधिकार या स्त्रीला आहे.

धूमकेतूच्या वर्षाची वाईन

1811 मध्ये आकाशात एक तेजस्वी धूमकेतू कित्येक महिने दिसत राहिला. त्या वर्षीचा द्राक्षहंगाम असाधारण उत्तम झाला. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला आणि धूमकेतूच्या वर्षाची वाईन अशी तिची ख्याती झाली. मादाम क्लिको यांच्या तळघरात ही वाईन भरपूर होती. ग्राहक मात्र नव्हते. त्यांचा विश्वासू विक्रेता लुई बोन हा मूळचा जर्मन. फ्रान्स्वा यांच्या हयातीत पेढीत आलेला हा गृहस्थ रशियापासून मध्य युरोपपर्यंत घोडागाडीने हिंडून मागण्या गोळा करीत असे. रशियातील धनिकांना गोड, फेसाळती वाईन प्रिय होती. परंतु 1812 मध्ये नेपोलियनने रशियावर स्वारी केली आणि ती वाट बंद झाली.

1814 च्या आरंभी युद्ध थेट शॅम्पेनमध्येच येऊन ठेपले. रशियन आणि प्रशियन सैन्याने रँस व्यापले, मध्ये काही दिवस नेपोलियनने ते परत जिंकले, मग पुन्हा गमावले. सैनिकांच्या हाती तळघरे लागली तर वर्षांची मेहनत एका रात्रीत संपण्याची भीती होती. मादाम क्लिको यांनी तळघरांची दारे बुजवून घेतली आणि उत्तम माल दृष्टीआड केला. पण जी काही वाईन रशियन अधिकाऱ्यांच्या पेल्यात गेली, तिचा त्यांना पश्चात्ताप झाला नाही. ही चव घेऊन ते मायदेशी परतणार होते.

एप्रिलमध्ये नेपोलियनने पदत्याग केला. आता बाजार खुला होणार हे सर्वच व्यापाऱ्यांना दिसत होते. प्रश्न होता तो प्रथम कोण पोहोचतो याचा. रशियातील आयातबंदी अधिकृतपणे उठण्याची वाट इतर पेढ्या पाहत असताना मादाम क्लिको यांनी गुपचूप एक डच जहाज ठरवले. जून 1814 मध्ये 10,550 बाटल्या घेऊन ते निघाले. सोबत लुई बोन होते. जहाजाने बाल्टिक समुद्रातील क्योनिग्सबर्ग गाठायचे आणि तेथून माल रशियाकडे न्यायचा, असा बेत होता. हा माल जप्त झाला असता, वाटेत बाटल्या फुटल्या असत्या किंवा उष्म्याने वाईन बिघडली असती, तर पेढीचे दिवाळे निघाले असते. सासऱ्यांनी एकदा टाकलेला विश्वास, वडिलांचा पैसा आणि कन्येचे भवितव्य त्या जहाजात होते.

माल सुखरूप पोहोचला. बंदी उठली होती आणि प्रतिस्पर्ध्यांचे जहाज अद्याप दृष्टिपथातही नव्हते. बाटल्यांसाठी व्यापाऱ्यांची झुंबड उडाली, मिळेल त्या भावाने त्या विकल्या गेल्या. पहिल्या जहाजाची बातमी येण्यापूर्वीच दुसऱ्या खेपेची तयारी मादाम क्लिको यांनी करून ठेवली होती. काही महिन्यांतच रशियात क्लिको हे नाव शॅम्पेनचा पर्याय बनले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी या विधवेने जी आघाडी घेतली, ती पुढे कित्येक दशके टिकली.

स्वयंपाकघरातले टेबल

मागणी वाढली आणि एक जुनी अडचण मोठी झाली. बाटलीत दुसरे किण्वन झाल्यावर मृत यीस्टचा गाळ तळाशी बसतो. तो काढला नाही तर वाईन गढूळ दिसते. काढायला जावे तर वायू निसटतो. त्या काळी वाईन एका बाटलीतून दुसरीत ओतून घेत. त्यात वेळ जाई, वाईन सांडे आणि फेसही मरे. मादाम क्लिको यांना हे पटत नव्हते. त्यांनी आपल्या टेबलाला भोके पाडून घेतली आणि त्यांत बाटल्या मानेवर उलट्या, तिरप्या ठेवल्या, असे परंपरा सांगते. रोज बाटली थोडी हलवायची, थोडी फिरवायची आणि थोडी अधिक उभी करायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घसरून बुचापाशी गोळा होतो. मग बूच काढताच आतील दाबाने गाळ बाहेर फेकला जातो आणि वाईन नितळ राहते.

1816 च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रयोगात आंत्वान म्युलर या तळघरप्रमुखाचा मोठा वाटा होता. भोकांचा कोन आणि आकार बदलून त्यांनी ही पद्धत सुधारली. टेबलाच्या जागी पुढे दोन फळ्यांची तिरकी घोडी आली. ही युक्ती काही वर्षे गुप्त राहिली. ज्या तळघरात डझनावारी कामगार वावरत, तेथे हे गुपित टिकले, यावरून मालकीण आणि कामगारांचे नाते कसे असेल याची कल्पना येते. पुढे सर्वच पेढ्यांनी ती उचलली. आजही शॅम्पेन याच तत्त्वावर तयार होते. 1970 च्या दशकापासून हाताचे काम यंत्रावरील लोखंडी पिंजऱ्यांकडे आले आणि कित्येक आठवड्यांचे काम सुमारे आठवड्यावर आले, एवढाच काय तो फरक.

हा सारा क्रम एकदा समजला की शॅम्पेनच्या बाटलीचे गूढ उरत नाही. आधी द्राक्षरसाची साधी वाईन करायची. मिश्रण ठरवायचे. त्यात साखर आणि यीस्ट घालून बाटलीत बंद करायचे. बाटलीत पुन्हा किण्वन होते आणि मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक दाब तयार होतो. मग गाळासह ती विश्रांती घेते. आजच्या नियमानुसार साधी शॅम्पेन किमान पंधरा महिने आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची शॅम्पेन किमान तीन वर्षे तळघरात ठेवावी लागते. नंतर बाटली फिरवून गाळ काढायचा आणि जाता जाता साखरेचे थोडे द्रावण घालून गोडी ठरवायची. लेबलावर ब्रूट लिहिले असेल तर साखर लिटरला बारा ग्रॅमहून कमी असते, डेमी-सेक असेल तर ती बत्तीस ते पन्नास ग्रॅम असते. बाटल्या फुटण्याचा प्रश्नही मादाम क्लिको यांच्या हयातीतच आटोक्यात आला. फ्रान्स्वा नावाच्याच एका औषधविक्रेत्याने 1836 च्या सुमारास किती साखरेतून किती दाब निर्माण होतो याचे गणित मांडले.

1818 मध्ये मादाम क्लिको यांनी आणखी एक पाऊल टाकले. गुलाबी शॅम्पेनला रंग आणण्यासाठी तेव्हा फळांचे अर्क वापरले जात. त्यांनी त्याऐवजी बूझीच्या मळ्यातील लाल वाईन पांढऱ्या वाईनमध्ये मिसळली. मिश्रणाने गुलाबी शॅम्पेन करण्याची ही रीत आजही तेथे मान्य आहे.

चुका, माणसे आणि वारसा

त्यांचे सगळेच निर्णय अचूक ठरले असे नाही. यशाच्या भरात त्यांनी 1822 मध्ये सावकारी पेढीही काढली. 1828 मध्ये पॅरिसमधील एक मोठी पेढी बुडाली आणि मादाम क्लिको यांचा पैसा त्यात अडकला. ठेवीदारांचा धीर सुटला असता तर वाईनचा धंदाही त्यात ओढला गेला असता. अशा वेळी एदुआर वेर्ले धावून आले. मूळचे जर्मनीतील व्हेट्झलार गावचे वेर्ले 1821 मध्ये पेढीत आले होते. स्वतःची पत पणाला लावून त्यांनी तातडीने पॅरिसहून रक्कम आणली आणि देणी भागवली. या प्रसंगाने मादाम क्लिको शहाण्या झाल्या. सावकारी आणि कापड यांचा मोह सोडून त्यांनी सारे लक्ष वाईनवर केंद्रित केले. 1831 मध्ये वेर्ले यांना त्यांनी भागीदार केले. त्यांचे आणखी एक जुने सहकारी केसलर यांनी 1826 मध्ये जर्मनीत एसलिंगेन येथे फेसाळत्या वाईनची पेढी काढली. रँसच्या तळघरातील विद्या अशा रीतीने सीमेपलीकडे गेली.

घरातील चित्र वेगळे होते. कन्या क्लेमांतीनचा विवाह 1817 मध्ये लुई द शव्हीन्ये या सरदाराशी झाला. जावई रसिक होता, पद्यकथा लिहीत होता आणि खर्चिकही होता. मादाम क्लिको यांनी त्याचे लाड पुरवले, परंतु पेढीच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या नाहीत. स्वतःच्या कन्येलाही त्यांनी धंद्यात आणले नाही. स्त्रीने व्यापार करावा याचा त्या स्वतः जिवंत पुरावा होत्या, तरी आपल्या घरातील मुलींसाठी त्यांनी सरदारघराणीच शोधली. आजच्या वाचकाला हा विरोधाभास खटकेल. त्यांनी स्वतःला कोणत्याही चळवळीची नायिका मानले नाही, हेही तितकेच खरे. मार्न नदीकाठी बुर्सो येथे 1840 च्या दशकात त्यांनी भव्य प्रासाद बांधला. 1841 मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि कारभार वेर्ले यांच्याकडे सोपवला. वेर्ले पुढे रँसचे महापौरही झाले.

चित्रकार लेओं कोन्ये यांनी रंगवलेले त्यांचे वृद्धापकाळातील चित्र प्रसिद्ध आहे. जाड बांध्याची, टोपी घातलेली, करारी चेहऱ्याची आजी खुर्चीत बसली आहे आणि पायाशी पणती आन आहे. हीच आन पुढे युझेसची डचेस झाली. मोटार चालवण्याचा परवाना मिळवणाऱ्या फ्रान्समधील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. पणजीची जिद्द एक-दोन पिढ्या ओलांडून तिच्यात उतरली असे म्हणता येईल. 29 जुलै 1866 रोजी बुर्सो येथे मादाम क्लिको यांचे निधन झाले. त्या 88 वर्षांच्या होत्या. त्यांच्यामागे पेढी वेर्ले घराण्याकडे राहिली. पिवळ्या लेबलाची नोंदणी 1877 मध्ये झाली. म्हणजे ज्या रंगाने आज त्या ओळखल्या जातात, तो त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून कधी पाहिलाच नाही.

समुद्रतळाची साक्ष

जुलै 2010 मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, बाल्टिक समुद्राच्या तळाशी बुडालेल्या एका जहाजात पाणबुड्यांना जुन्या शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या. बुचांवरील छापावरून त्यांतील काही क्लिको पेढीच्या असल्याचे निष्पन्न झाले. त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, म्हणजे मादाम क्लिको यांच्या हयातीतल्या होत्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत त्यांत लिटरला सुमारे दीडशे ग्रॅम साखर आढळली. आजच्या ब्रूटच्या तुलनेत हे प्रमाण दहा पटींहून अधिक आहे. काळोख, थंडी आणि पाण्याचा दाब यांमुळे ती वाईन बरीचशी टिकून होती. 2011 मध्ये यांतील एका बाटलीला लिलावात 30 हजार युरो मिळाले. दीडशेहून अधिक वर्षे समुद्रतळाशी राहूनही पिण्याजोगी राहिलेली वाईन हे त्या तळघरातील कारागिरीचे उत्तम प्रमाणपत्रच होय.

क्लिको पेढी 1987 पासून एलव्हीएमएच या फ्रेंच समूहात आहे. याच समूहाने 2013 मध्ये नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी परिसरात तयार झालेली शाँदों ही फेसाळती वाईन बाजारात आणली. त्याआधी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शॅम्पेन प्रदेशातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने अशी वाईन तयार होऊ लागली होती. बाटलीतच दुसरे किण्वन आणि बाटली फिरवून गाळ काढणे, ही रँसची पद्धत अशा रीतीने आपल्या द्राक्षपट्ट्यात रुजली. येथील बाटलीला शॅम्पेन म्हणता येणार नाही. ते नाव त्या खडूच्या जमिनीचे आहे. 1927 मध्ये कायद्याने तेथील हद्द आखली गेली, 1936 मध्ये नियंत्रित नामांकन मिळाले आणि 2015 मध्ये तेथील डोंगरउतार, पेढ्या व तळघरे यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

फ्रान्समधील विवाहित स्त्रीला पतीच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडण्याचा अधिकार 1965 मध्ये मिळाला. मादाम क्लिको यांनी पेढी उभारली त्याला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्या सधवा असत्या तर जहाज ठरवण्याच्या कागदावर त्यांची सही चालली नसती, आणि कदाचित नितळ शॅम्पेनसाठी जगाला आणखी थांबावे लागले असते. त्यांच्या कर्तृत्वाचे मोल करताना, त्याच काळात त्याच शहरात तितक्याच बुद्धीच्या किती स्त्रिया केवळ सहीच्या अधिकाराअभावी अनामिक राहिल्या असतील, याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. लेबलावरील विधवा हा शब्द वाचताना त्या सर्वांचे स्मरण व्हावे.